कामिरीथूची उघडी तालीम : एका गावाने उभारलेल्या रंगभूमीचा प्रकरण अभ्यास

केनियाची राजधानी नैरोबीपासून साधारण तीस किलोमीटरवर, लिमुरूच्या उंच आणि थंड भागात कामिरीथू हे गाव आहे. 1977 साली या गावाने गिकुयू भाषेतले एक नाटक उभे केले आणि त्यासाठी दोन हजारांवर माणसे बसतील एवढे खुले नाट्यगृह स्वतःच्या हातांनी बांधले. पहिल्या प्रयोगानंतर दीड महिन्यात सरकारने प्रयोग बंद पाडले. नाटकाच्या दोन लेखकांपैकी एक, न्गूगी वा थिओंगो, जवळजवळ वर्षभर खटल्याविना स्थानबद्ध राहिले. 1982 मध्ये पोलिसांनी नाट्यगृहच पाडून टाकले.

हे प्रकरण बहुतेक वेळा एका थोर लेखकाच्या छळाची हकिकत म्हणून सांगितले जाते. ती हकिकत खरी आहे, पण आपल्या गावात, वस्तीत किंवा कामगारांमध्ये नाटक करू पाहणाऱ्याच्या हाती तिच्यातून फारसे काही लागत नाही. त्याला त्याआधीच्या महिन्यांची माहिती हवी असते: माणसे कशी जमली, संहिता कोणी दुरुस्त केली, बाके कशी बसवली, तालमी कोणत्या वारी आणि कोणासमोर झाल्या. कामिरीथूत समाजावर जो परिणाम झाला त्याचा मोठा भाग पहिल्या प्रयोगाआधीच, तालमीच्या अंगणात झाला होता. म्हणून इथे तालमीवर जास्त वेळ थांबलो आहोत.

गाव आणि निमंत्रण

कामिरीथू पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेले गाव नव्हे. ऑक्टोबर 1952 मध्ये ब्रिटिशांनी केनियात आणीबाणी पुकारली. ब्रिटिश राजवटीविरुद्ध उठलेल्या माऊ माऊ लढवय्यांना खेड्यांतून मिळणारा शिधा आणि आसरा तोडण्यासाठी विखुरलेली घरे मोडली गेली आणि कुटुंबांना पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये कोंबण्यात आले. कामिरीथू ही त्यांतली एक वस्ती. 1963 मध्ये देश स्वतंत्र झाला तरी ती तशीच राहिली, आणि सत्तरच्या दशकात तिथे सुमारे दहा हजार लोक राहत होते. कोणी बाटाच्या बुटांच्या कारखान्यात, कोणी प्लॅस्टिकच्या कारखान्यात, कोणी लाकडाच्या आणि धान्याच्या गिरण्यांत, तर बरेच जण पूर्वी गोऱ्यांच्या मालकीच्या असलेल्या चहामळ्यांत मजुरीला जात. काहींकडे जमिनीचा तुकडा होता, अनेकांकडे तोही नव्हता. विस्थापनाची आठवण आणि महिन्याची मजुरी या दोन गोष्टी मात्र जवळजवळ प्रत्येक घरात सारख्या होत्या. नाटकाला विषय शोधत फिरावे लागले नाही, त्याचे कारण हेच.

गावात युवक केंद्रासाठी चार एकर जागा राखून ठेवलेली होती. तिच्यावर मातीच्या भिंतींची, पडायला आलेली चार खोल्यांची एक बराक होती, बाकी सगळे गवत. 1976 मध्ये गावातली एक बाई न्गूगींच्या घरी गेली. न्गूगी तेव्हा नैरोबी विद्यापीठात साहित्य विभागाचे प्रमुख होते आणि लिमुरूलाच राहत होते. तुम्ही एवढे शिकलात, त्यातले थोडे गावाला का देत नाही, असे तिने विचारले. न्गूगींनी आधी टाळाटाळ केली. ती पुन्हा आली, आणि हो म्हणेपर्यंत येत राहिली.

निमंत्रण गावाकडून आले, हा या प्रकरणातला पाया आहे. त्याच काळात आफ्रिकेत विकासासाठी रंगभूमी हा प्रकार जोर धरत होता. बोट्स्वानात 1974 मध्ये सुरू झालेली लाएझा बाटानानी ही मोहीम त्याचे गाजलेले उदाहरण. गुरांची चोरी, खाणींकडे होणारे स्थलांतर, गुप्तरोग अशा विषयांवर विस्तार कार्यकर्ते (गावोगाव माहिती पोचवणारे कर्मचारी) नाटके बसवत, गावोगाव करत आणि प्रयोगानंतर गटचर्चा घेत. कामात प्रामाणिकपणा होता. तरीही विषय ठरवण्याच्या बैठकीत अधिकारी आणि गावातली वजनदार माणसेच बसत, आणि नाटक करणारा गट संध्याकाळी गाडीत बसून निघून जाई. मोहिमेच्या आयोजकांनी पुढे स्वतःच या उणिवेवर लिहिले आहे. कामिरीथूत परत जाणारी गाडीच नव्हती.

आधी अक्षरे, मग नाटक

केंद्राचे नाव पुढे कामिरीथू सामुदायिक शिक्षण व सांस्कृतिक केंद्र असे झाले. त्याची पहिली शाखा नाटकाची नव्हती. न्गूगी वा मिरी हे विद्यापीठाच्या विकास अभ्यास संस्थेत काम करणारे प्रौढशिक्षणाचे जाणकार शिक्षण समितीचे प्रमुख होते, तर न्गूगी वा थिओंगो सांस्कृतिक समितीचे. (दोन्ही न्गूगींचे नाते नाही, नाव तेवढे सारखे. पुढे नुसते ‘न्गूगी’ म्हटले की न्गूगी वा थिओंगो समजावे.) साक्षरतेचे वर्ग गावाच्या रोजच्या जगण्यावरील चर्चेतून चालत: मजुरी किती, ती कशी ठरते, जमीन कोणाची होती आणि कोणाकडे गेली.

वर्ग संपले तेव्हा नवसाक्षरांपुढे प्रत्येक साक्षरता मोहिमेला पडणारा प्रश्न उभा राहिला. वाचता येऊ लागले, पण वाचायचे काय? गिकुयूत या माणसांच्या जगण्याबद्दल वाचावे असे फारसे काही नव्हते, आणि वापराविना अक्षरे काही महिन्यांत पुसली जातात. नाटक पुढे आले ते या गरजेतून. संहिता वाचता येते, पाठ करता येते, तिच्यावर वाद घालता येतो, आणि ज्याला अजून नीट वाचता येत नाही तोही ऐकून सामील होऊ शकतो. केंद्राने डिसेंबर 1976 मध्ये दोन्ही न्गूगींना नाटक लिहायला सांगितले. लेखकाला काम नेमून दिले गेले, हे इथे महत्त्वाचे, कारण ज्याने काम सांगितले त्याला ते तपासण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

संहिता कोणी दुरुस्त केली

एप्रिल 1977 पर्यंत कच्ची संहिता तयार झाली. नाव ‘न्गाहिका न्देंडा’, म्हणजे ‘मला वाटेल तेव्हा लग्न करीन’. कीगूंदा या शेतमजुराकडे दीड एकर जमीन आहे आणि तिचा कागद त्याने घराच्या भिंतीवर जपून लावला आहे. तो ज्याच्याकडे राबतो त्या श्रीमंत किओईचा मुलगा आणि कीगूंदाची मुलगी गाथोनी यांचे सूत जुळलेले असते. आधी चर्चमध्ये रीतसर लग्न लावून घ्या, असा किओई दांपत्याचा सल्ला कीगूंदा आणि त्याची बायको वांगेची यांच्या गळी उतरतो. लग्नाच्या खर्चासाठी जमीन गहाण पडते, मुलगा जबाबदारी झटकतो आणि जमीन लिलावात जाते. तिच्यावर कीटकनाशकांचा कारखाना काढायचा बेत असतो.

पुढचे दोन महिने ही संहिता गावाने हातात घेतली, आणि ही पायरी कोणीही गाळू नये अशी आहे. दुरुस्त्या तीन प्रकारच्या होत्या. पहिली भाषेची. म्हाताऱ्या पात्राच्या तोंडी तरुणाची बोली आली तर आक्षेप निघे, म्हण चुकीच्या प्रसंगी वापरली तर कोणीतरी थांबवी. न्गूगी तोवर इंग्रजीत कादंबऱ्या लिहून जगभर वाचले गेले होते, पण आपल्याच भाषेचे बारकावे त्यांना इथे नव्याने शिकावे लागले. जून ते नोव्हेंबर 1977 हे सहा महिने आपल्या खऱ्या शिक्षणाची सुरुवात होते, असे त्यांनी नंतर मनापासून लिहिले आहे.

दुसरी दुरुस्ती गाण्यांची आणि विधींची. लग्नाच्या प्रसंगात गितीरो हा सवाल-जवाबांचा गायनप्रकार आहे. त्याचे बोल आणि रचना गावातल्या एका निरक्षर वृद्धेने सांगितली. कोणत्या नाचात पाय कसा पडतो, कोणते गाणे कोणत्या काळातले, हे सांगणारी माणसे समोरच बसलेली होती. 1930 च्या सुमारास वसाहती सरकारने बंदी घातलेले मुथिरिगू हे गीतनृत्यही असेच लोकांच्या आठवणीतून परत आले. अभिलेखागारात शोधूनही इतके नेमके मिळाले नसते.

तिसरी दुरुस्ती सर्वांत मोलाची वाटते. बाटा कारखान्यातल्या कामगारांनी, ज्यांनी कधी कारखान्यात काम केले नव्हते त्यांच्यासाठी बसून हिशेब मांडला. कारखान्यात सुमारे तीन हजार कामगार. एका दिवसात जेवढे बूट तयार होतात त्यांच्या किमतीत सगळ्यांची महिन्याची मजुरी निघते. म्हणजे एक दिवस आपण स्वतःसाठी राबतो, मग उरलेले एकोणतीस दिवस कोणासाठी? नाटकात कारखान्यातला कामगार गिचांबा बोलतो तेव्हा त्यामागे हा अभ्यास आहे. असे संवाद टेबलाशी एकट्याने बसून लिहिता येतात, पण मग ते भाषणासारखे वाजतात.

सामूहिक दुरुस्ती फसते ती साधारण दोन कारणांनी. एक तर लेखक मसुदाच घेऊन येत नाही, ‘तुम्हीच सांगा’ म्हणतो, आणि सभा तासन्‌तास भरकटते. नाही तर तो पक्की, छापल्यासारखी संहिता आणतो आणि लोक भिडेपोटी मान डोलावतात. कामिरीथूत कथेचा सांगाडा पक्का होता आणि त्यावरचे मांस मोकळे होते. असा मसुदा आणायचा असेल तर प्रत्येक प्रवेशात काय घडते ते लिहावे आणि कोण नेमके काय बोलते ते कच्चे ठेवावे. वाचन प्रवेशागणिक थांबवून करावे. आणि नवसाक्षर माणूस अडखळत वाचत असेल तर त्याचा कागद दुसऱ्याने हातातून घेऊ नये, कारण एकदा तसे झाले की तो पुढच्या बैठकीला येत नाही.

बाके, बांबू आणि निलगिरी

नाट्यगृहाचा आराखडा गावातल्या तरुणांनी केला. काड्यापेटीच्या काड्या जमिनीवर मांडून त्यांनी आधी नमुना उभा केला, मग प्रत्यक्ष बांधकाम झाले. रंगमंच म्हणजे अर्धवर्तुळाकार उंचवटा, त्यामागे बांबूची अर्धवर्तुळाकार भिंत, आणि भिंतीआड तीन खोल्यांचे छोटे घर. तेच सामानाचे कोठार, तीच रंगपटाची जागा. समोर पायऱ्यांसारखी चढत जाणारी लांब लाकडी बाके पक्की बसवलेली. छप्पर नाही. भोवती बांबूचे कुंपण आणि प्रेक्षकांच्या पाठीमागे उंच निलगिरीची झाडे. रंगमंच आणि बाके जवळजवळ एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे नट प्रेक्षकांतून येत आणि प्रेक्षकांतच जात. एका प्रयोगात काही नट, कोणी न सांगता, निलगिरीवर चढले आणि तिथून गाण्यात सामील झाले. कुंपणाबाहेरच्या गावालाही नाटक ऐकू गेले.

दोन हजार माणसांची जागा ऐकायला अचाट वाटते, म्हणून अशा रचनेचा साधा हिशेब मांडतो (हा सर्वसाधारण हिशेब आहे, कामिरीथूचे मोजमाप नव्हे). माणशी 45 सेंटीमीटर धरले तर 900 मीटर लांबीची बाके लागतात. पहिली अर्धवर्तुळाकार ओळ केंद्रापासून सहा मीटरवर आणि पुढची प्रत्येक ओळ 80 सेंटीमीटर मागे ठेवली, तर एकवीस ओळींत ही लांबी भरते. ये-जा करायच्या वाटा सोडल्या की बावीस-तेवीस ओळी होतात, आणि शेवटचा माणूस केंद्रापासून 22 ते 24 मीटरवर बसतो. तेवढ्या अंतरावर कसलेला आवाज ध्वनिवर्धकाशिवाय पोचतो, पाठीशी भिंत असेल तर आणखी सोपे. हीच बाके सरळ वीस मीटर रुंदीच्या ओळींत लावली तर पंचेचाळीस ओळी होतात आणि शेवटची ओळ केंद्रापासून सुमारे एक्केचाळीस मीटर मागे जाते. मग ध्वनिवर्धक लागतो, वीज लागते, भाडे लागते. कमी पैशात मोठा प्रेक्षक सामावायचा तर अर्धवर्तुळ आणि चढती बाके यांना पर्याय नाही.

छप्पर नसण्याचा तोटाही होता. प्रयोग चालू असताना पाऊस येई, नट आणि प्रेक्षक झाडांखाली किंवा कोठारात पळत, थांबला की नाटक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होई. एकदा असे तीन वेळा झाले, आणि लोक घरी गेले नाहीत.

चौतीस दुपारी

वाचने, पात्रनिवड आणि तालमी 5 जून 1977 ला सुरू झाल्या, पहिला प्रयोग 2 ऑक्टोबरला झाला. दोन्ही रविवार. तालमी शनिवार-रविवारी दुपारी होत, कारण कारखान्यातल्या आणि मळ्यातल्या माणसांना तेव्हाच सवड, आणि रविवारी सकाळी चर्च. कॅलेंडर मांडले तर मधे सतरा आठवडे येतात, म्हणजे जास्तीत जास्त चौतीस दुपारी. हौशी नटांच्या गाण्या-नाचांनी भरलेल्या पूर्ण लांबीच्या नाटकाला हा वेळ फार नाही. नाटक बसले, कारण तालमींमधल्या पाच दिवसांतही ते गावात चालूच होते.

तालमी उघड्यावर होत. ज्याला वाटेल तो येऊन बसे. दिग्दर्शन विद्यापीठातल्या किमानी गेचाऊ यांचे होते, पण एखादी हालचाल खोटी वाटली की बघणाऱ्यांतून कोणीतरी उठून ती अशी नसते, अशी असते, म्हणून करून दाखवी. पहिल्या दिवशी वाक्य अडखळत म्हणणारा शेजारी सप्टेंबरमध्ये तेच वाक्य ठणकावून म्हणताना लोकांनी पाहिला. व्यावसायिक रंगभूमी तालीम पडद्याआड ठेवते आणि प्रेक्षकाला तयार कला दाखवते. मग पाहणाऱ्याला वाटते, हे जन्मजात देणगी असलेल्यांचे काम, आपले नव्हे. कामिरीथूत कला कशी घडते याची पायरी अन् पायरी गावाने पाहिली, आणि आपल्यालाही येईल हा विश्वास तिथे तयार झाला. सामुदायिक रंगभूमीने समाजाला काय दिले असे कोणी विचारले तर आमच्या मते पहिले उत्तर हेच आहे. जनजागृती वगैरे त्यानंतर.

उघड्या तालमीचे त्रासही असतात, आणि ते आधीच सांगून ठेवणे बरे. नवखा नट गर्दीपुढे बुजतो. सल्ले इतके येतात की प्रवेश पुढे सरकत नाही. घरचा माणूस बघायला बसला की सुनेची भूमिका करणाऱ्या मुलीचा आवाज खाली जातो. यावर उपयोगी पडणारी रीत अशी: प्रवेश एकदा सलग, कोणी न बोलता, मग सूचनांना ठरावीक वेळ, सूचना तोंडी न सांगता करून दाखवायची, आणि स्वीकारायची की नाही याचा शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा. पहिले दोन आठवडे फक्त गाणी आणि समूहाचे प्रवेश घ्यावेत, म्हणजे कोणी एकटा उघडा पडत नाही. मुख्य भूमिकांना दुसरी माणसे पहिल्यापासून तयार करावीत. पाळीत काम करणारा कामगार ऐनवेळी येऊ शकत नाही, त्यात त्याचा दोष नसतो.

प्रयोग

2 ऑक्टोबर 1977 ही तारीख आणीबाणीच्या आणि माऊ माऊ लढ्याच्या पंचविसाव्या वर्षाशी जोडून निवडलेली होती. प्रयोगाला तिकीट होते. दूरदूरच्या गावांतून लोक भाड्याच्या बसगाड्या आणि मटाटू करून आले. मटाटू म्हणजे तिकडची वडाप.

पात्रांची नावे गावाच्या बोलण्यात शिरली. माणसे स्वतःला कीगूंदा, गिचांबा, वांगेची म्हणवून घेऊ लागली, आणि जो मजुरांना नाडतो, मग तो गावातला असो की बाहेरचा, त्याला किओई म्हणू लागली. सत्ताधाऱ्यांना अस्वस्थ करणारी गोष्ट ही होती. संहितेतले राजकारण तर पुस्तकातही छापता येते, आणि त्याच वर्षी न्गूगींची तितकीच जळजळीत इंग्रजी कादंबरी राजधानीत उघडपणे प्रकाशितही झाली होती. इंग्रजी पुस्तक गावात पोचत नाही. गिकुयूतले टोपणनाव मात्र बाजारात, मळ्यात, चर्चच्या दारात माणसाला चिकटते आणि सुटत नाही.

परवाना

16 नोव्हेंबर 1977 ला सार्वजनिक कार्यक्रमाचा परवाना मागे घेतला गेला. कारण दिले सार्वजनिक सुरक्षिततेचे. पहिल्या प्रयोगापासून त्या दिवसापर्यंत फक्त सात रविवार येतात. नाटकातले एखादे वाक्य वगळा, अमुक प्रवेश बदला, असे कोणी म्हटलेच नाही. त्या जागेवर लोक जमण्याची परवानगीच काढून घेतली. सभा आणि जमावासाठी परवाना लागण्याची ही पद्धत वसाहतकाळातून आलेली. आपल्याकडेही ब्रिटिशांनी 1876 मध्ये नाट्यप्रयोगांवर कायदा आणलाच होता. परवाना देणारा आणि काढून घेणारा एकच अधिकारी असला की कारण काय द्यायचे हा त्याच्यासाठी दुय्यम प्रश्न उरतो.

डिसेंबरच्या अखेरीस न्गूगींना घरून पकडून कामिटी तुरुंगात ठेवण्यात आले. खटला कधीच चालला नाही. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा यांचे ऑगस्ट 1978 मध्ये निधन झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्गूगी सुटले. विद्यापीठातली नोकरी मात्र परत मिळाली नाही.

आता रचनेतले दुबळे दुवे पाहू. पहिला, सगळे काही एका जागेवर आणि एका परवान्यावर उभे होते. बाके पक्की बसवलेली, नाटक त्या जागेशी जखडलेले, माणसांचा मोठा व्याप. परवाना गेल्यावर हेच नाटक लहान स्वरूपात, एखाद्या घराच्या अंगणात करता येईल अशी तयारी नव्हती. दुसरा, बाहेरच्या जगाला केंद्र एका प्रसिद्ध नावाने माहीत होते, आणि ते नाव उचलल्यावर गावातल्या बाकीच्यांच्या कामाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. तिसरा दुवा भाषेचा, आणि इथे निवाडा सोपा नाही. गिकुयूशिवाय हे नाटक घडलेच नसते; पण अनेक भाषांच्या देशात एका भाषेतले आंदोलन ‘एका जमातीचे’ म्हणून बाजूला सारणे सत्तेला सोपे जाते. आमचे मत असे की भाषेची निवड बरोबरच होती, मात्र शेजारच्या भाषांतल्या गटांशी आधीपासून जोडून घ्यायला हवे होते.

हा शेवटचा मुद्दा त्या मंडळींनाही दिसला असावा. 1981 च्या अखेरीस त्यांनी ‘माइतू न्जुगिरा’ (‘आई, माझ्यासाठी गा’) या संगीत नाटकाच्या तालमी सुरू केल्या, त्यात केनियातल्या अनेक भाषांची गाणी होती. कथा 1930 च्या आसपासच्या मजुरांच्या लढ्याची. प्रयोग नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात 19 फेब्रुवारी 1982 ला व्हायचा होता. परवान्याच्या अर्जाला होकार आलाच नाही, आणि ठरल्या दिवशी मंडळी पोचली तेव्हा दाराला कुलूप होते. मग त्यांनी विद्यापीठाच्या रंगमंचावर तालमी चालू ठेवल्या. प्रयोगाला परवाना लागतो, तालमीला नाही. या तालमी पाहायला हजारो लोक आले, कॉरिडॉरमध्ये, खिडक्यांत, मिळेल तिथे उभे राहिले. काही दिवसांत तीही दारे बंद झाली. 11 मार्च 1982 ला केंद्राची नोंदणी रद्द झाली आणि दुसऱ्या दिवशी तीन ट्रक भरून पोलीस कामिरीथूला आले. त्यांनी नाट्यगृह जमीनदोस्त केले. पुढे त्या जागेवर तंत्रशिक्षणाची शाळा उभी राहिली.

पुढे काय टिकले

न्गूगी वा थिओंगो त्याच वर्षी परदेशात होते ते परतू शकले नाहीत. त्यांचे पुढचे आयुष्य बहुतांशी इंग्लंड-अमेरिकेत गेले आणि 28 मे 2025 ला अमेरिकेत त्यांचे निधन झाले. 2022 च्या मे महिन्यात ‘न्गाहिका न्देंडा’ नैरोबीच्या राष्ट्रीय नाट्यगृहात गिकुयूत आणि इंग्रजीत पुन्हा झाले, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी. ही आनंदाचीच गोष्ट. तरी हा प्रयोग शहरातल्या बंद नाट्यगृहात, तयार नटांनी केलेला होता. संहिता परत आली, पद्धत आली असे म्हणता येत नाही.

पद्धत गेली झिम्बाब्वेत. न्गूगी वा मिरी आणि किमानी गेचाऊ 1982 मध्ये तिकडे गेले. तो देश 1980 मध्ये स्वतंत्र झालेला, लढ्यात रात्ररात्र चालणाऱ्या पुंगवे सभांमधून गाणी आणि प्रसंग करण्याची सवय लोकांना होतीच. निर्वासित छावण्यांतून परतलेल्या मुलांच्या शाळांसाठी काम करणाऱ्या झिमफेप या संस्थेत कामिरीथूच्या पद्धतीने नाटके बसू लागली. ‘न्गाहिका न्देंडा’ही तिथे झाले. 1986 मध्ये न्गूगी वा मिरी यांच्या पुढाकाराने झिम्बाब्वे सामुदायिक रंगभूमी संघ स्थापन झाला.

या संघाची रचना पाहिली की कामिरीथूचा अनुभव कुठे वापरला गेला ते कळते. एक मोठे केंद्र उभारण्याऐवजी देशभर लहान लहान गट, प्रत्येक गटाचे सभासद आपापल्या वस्तीतले, कोणाला पक्के नाट्यगृह नाही. नाटक शाळेच्या पटांगणात, बिअर हॉलमध्ये, बसथांब्याजवळ होई. एखाद्या गटाला अडवले तरी बाकीचे चालू राहत. याची किंमतही होती. दोन हजारांचे नाट्यगृह स्वतः बांधण्यातून कामिरीथूला जो एकत्र कामाचा अनुभव मिळाला तो अशा फिरत्या गटांना मिळत नाही. शिवाय लहान गट लवकरच देणगीदार संस्थांच्या विषयांवर जगू लागतात: यंदा पाणी, पुढच्या वर्षी आरोग्य, त्यानंतर मतदान. विषय पुन्हा बाहेरून येऊ लागतो.

म्हणून आज असा प्रयत्न करणाऱ्याने पहिल्या वर्षी ज्या गोष्टींची सोय लावून ठेवावी त्या अशा. नाटकाची मोठी आणि छोटी अशी दोन रूपे तयार असावीत. छोटे रूप सहा माणसांत, चाळीस मिनिटांत, सामानाशिवाय होईल असे. गाणी, सवाल-जवाब आणि नाचांच्या चाली ध्वनिमुद्रित करून एकाहून अधिक घरांत ठेवाव्यात. वर्गणी आणि तिकिटाचा हिशेब दर महिन्याला फळ्यावर लिहावा, कारण गट बाहेरच्या दबावाने फुटतात त्याहून जास्त वेळा पैशाच्या संशयाने फुटतात. पत्रव्यवहारावर सही करणाऱ्यांत गावातली किमान तीन माणसे असावीत. देणगी घ्यायचीच झाली तर बाके, बांबू, प्रवासखर्च यांसाठी घ्यावी, विषयासाठी घेऊ नये. आणि तालमीची जागा कुंपणाबाहेरून दिसेल अशीच निवडावी.